बाण बंद, टिंबं चालू

परवा आमच्या गेमवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका नवख्या मुलाने विचारलं, "वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये क्वेस्टी कसं टाकायचं? झिप उतरवली, फोल्डर टाकला, पण गेममध्ये काहीच दिसत नाही." क्वेस्ट म्हणजे गेममध्ये मिळणारं काम, आणि क्वेस्टी म्हणजे गेमला जोडायचा एक छोटा प्रोग्राम, अ‍ॅडऑन; काम कुठे करायचं त्या जागा तो नकाशावर टिंबांनी दाखवतो. दहा मिनिटांत सात जण बोलले. त्यातल्या एकानेही उत्तर दिलं नाही. "क्वेस्टचा मजकूर वाच की." "आमच्या वेळी हे लाड नव्हते." "टिंबांमागे पळायचंय तर खेळतोस कशाला?" पोराने मुकाट्याने प्रश्न डिलीट केला.

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय, म्हणून हे लिहितेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी मी कोण ते सांगते. वय सेहेचाळीस, घर मुलुंड पूर्वेला, नोकरी फोर्टातल्या एका बँकेत. लोकलचे दोन्ही वेळचे धक्के, स्वयंपाक, सासूबाईंच्या गोळ्या, उद्याची भाजी निवडून ठेवणं, हे सगळं उरकून साडेदहाला लॅपटॉप उघडते आणि साडेअकराला मिटते. गेमला मिळतो तो हा एक तास. सासूबाई पाणी प्यायला उठल्या की मागून डोकावतात, "आज पण डुकरंच मारायची का गं?" हो आई, आज पण डुकरंच.

नाद लावला भाच्याने. मूळ गेम, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, २००४ सालचा, आणि क्लासिक म्हणजे तोच जुना अवतार, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा आणलेला. त्यात गावातला माणूस डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह घेऊन उभा असतो, चार ओळी बोलतो, काम सांगतो. नकाशावर खूण वगैरे काही नाही. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

आता मॅनक्रिकची गोष्ट. बॅरन्स नावाचं एक पिवळं, न संपणारं माळरान आहे. त्यात क्रॉसरोड्स नावाचं ठाणं आणि तिथे हा मॅनक्रिक नावाचा, ओर्क जमातीचा योद्धा. लढाईत बायकोची ताटातूट झाली, तिचा शोध घे म्हणतो. हजारो लोकांनी वर्षानुवर्षं त्या भागाच्या चॅटवर एकच प्रश्न विचारलाय, मॅनक्रिकची बायको कुठेय? आणि टवाळांनी त्याला जी उत्तरं दिलीत ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. मी चार रात्री शोधली. म्हणजे बघा, सोमवार ते गुरुवार, माझ्या वाट्याचा सगळा वेळ मी एका अनोळखी बाईला हुडकण्यात घालवला. वाटेत शहामृगासारखे पक्षी मारत होते, त्यांच्या सात चोची हव्या होत्या. प्रत्येक पक्ष्याला चोच दिसते, पण मारल्यावर प्रत्येकाकडे ती निघत नाही. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

शुक्रवारी भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, अगं तू क्वेस्टी टाक ना. किती छळ करून घेतेयस." टाकलं. क्रॉसरोड्सच्या दक्षिणेला एका झोपडीजवळ ती सापडली. मेलेली. मला खरंच वाईट वाटलं. ज्यांना वाटतं अ‍ॅडऑनने गोष्टीतला जीव जातो, त्यांच्यासाठी मुद्दाम सांगतेय. गुरुवारी रात्री मला त्या बाईचा राग येत होता. शुक्रवारी तिच्याबद्दल वाईट वाटायला मी जागेवर होते.

"हे चीटिंग आहे" म्हणणाऱ्यांना एक आठवण. क्वेस्टी यायच्या कितीतरी आधी क्वेस्टहेल्पर नावाचं अ‍ॅडऑन होतं. तुमच्या हातातली सगळी कामं घेऊन त्यातल्या त्यात जवळचा रस्ता आखून द्यायचं, आणि त्या हिशोबात साधे कंप्युटर धापा टाकायचे. तेव्हाही हेच भांडण होतं. मग डिसेंबर २००९ च्या ३.३ पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या सुधारित आवृत्तीत, गेम बनवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीने स्वतःच नकाशावर क्वेस्टच्या जागा दाखवायला सुरुवात केली. आणि अ‍ॅडऑन काही चोरवाटेने घुसत नाही. गेमनेच त्याला दार ठेवलंय, लुआ नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहायचं, ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायचं. २००६ च्या अखेरच्या २.० पॅचपासून तर ते तुमच्या वतीने चालू शकत नाही की वार करू शकत नाही. फक्त दाखवतं. तुमच्या जागी खेळणारा बॉट वेगळा, त्यावर खातं बंद होतं आणि व्हायलाच पाहिजे.

आणि ही टिंबं आकाशातून पडलेली नाहीत. कुठला प्राणी कुठे उभा असतो, कोणाच्या पोटातून काय निघतं, हे खेळणाऱ्यांनी एकेक करून नोंदवलंय. क्वेस्टीत चूक दिसली तर लोक कळवतात, कोणीतरी फुकटात बसून दुरुस्त करतं. नवीन जागी गेलं की नाक्यावरच्या पानवाल्याला पत्ता विचारतो, तसंच हे. फक्त इथे पानवाल्याने सगळं वहीत लिहून ठेवलंय.

आता त्या मुलाचा मूळ प्रश्न. तो मलाही आला होता आणि मी त्यात बराच वेळ घालवला होता. गेमच्या फोल्डरमध्ये 'रीटेल', 'क्लासिक', 'क्लासिक एरा' असे वेगवेगळे फोल्डर असू शकतात. जो गेम खेळता त्यातच जायचं. आत 'इंटरफेस', त्याच्या आत 'अ‍ॅडऑन्स', आणि त्यात 'क्वेस्टी'. 'क्वेस्टी' उघडल्याबरोबर समोर टीओसी (.toc) शेपटीच्या फाइली दिसल्या पाहिजेत, गेम त्यांवरूनच अ‍ॅडऑन ओळखतो. माझ्याकडे झिप सोडवताना 'क्वेस्टी'च्या आत आणखी एक 'क्वेस्टी' बसलं होतं, डब्यात डबा. गेम वरचा डबा उघडून बघतो, टीओसी दिसत नाही, पुढे जातो. चूक झाली असं सांगतसुद्धा नाही. गिटहबवरून, म्हणजे प्रोग्रामांचा कोड ठेवायच्या साइटवरून, थेट झिप घेतली तर फोल्डरच्या नावाला 'मास्टर' असं शेपूट लागतं, तेही काढायचं. फोल्डरचं आणि टीओसीचं नाव जुळलं नाही तर बोंब. मग गेम पूर्ण बंद करून चालू करायचा. पात्र निवडायच्या पडद्यावर कोपऱ्यात 'अ‍ॅडऑन्स' बटण दिसेल. तिथे 'आउट ऑफ डेट' लिहून आलं तर आधी नवी आवृत्ती उतरवा, ती नसेल तर जुनी अ‍ॅडऑन चालू करायच्या चौकोनात टिचकी मारा. सेटिंगसाठी चॅटमध्ये 'स्लॅश क्वेस्टी' (/questie) टाइप करा. झालं. अ‍ॅडऑन आपोआप बसवणारं कर्सफोर्जचं अ‍ॅप वापरलं तर यातलं काहीच करावं लागत नाही, पण डबा कसा उघडतो ते माहीत असलेलं बरं.

एक गोष्ट मात्र कळकळीने. अ‍ॅडऑनमध्ये लुआ, एक्सएमएल, टीओसी, चित्रं, आवाज एवढंच असतं. कुठल्याही साइटने क्वेस्ट हेल्पर म्हणून ईएक्सई फाइल, म्हणजे थेट चालणारा प्रोग्राम, हातात ठेवली तर खिडकी बंद करा. मी एकदा घाईत अशी फाइल चालवली. गेममध्ये काही आलं नाही, पण ब्राउझर उघडला की रमीच्या जाहिराती नाचायला लागल्या. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

हे सगळं झाल्यावर माझी एक तक्रार आहे, ती बाणाबद्दल. टॉमटॉम नावाचं अ‍ॅडऑन पडद्यावर एक मोठा बाण दाखवतं, खाली अंतर. बाण सरळ रेषेत बघतो. मधे काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बॅरन्सच्या दक्षिण टोकाला थाउजंड नीडल्स सुरू होतं, तिथे खाली उतरायला लाकडी लिफ्ट आहे. मी बाणाकडे बघत धावत होते, हिरवागार बाण, अंतर झरझर कमी होतंय, आणि कड्यावरून थेट खाली. मेले. मग भूत होऊन प्रेतापर्यंत चालत या. मध्य रेल्वेच्या माणसाला हे कळायला हवं होतं. विक्रोळीला एका बारशाला गेले होते तेव्हा नकाशात ते घर बोटभर अंतरावर होतं. फक्त मी पूर्वेला आणि बाळ पश्चिमेला, मधे रुळांची भिंत. पूल शोधून, जिने चढून-उतरून पोहोचेपर्यंत नाव ठेवून झालं होतं. तेव्हापासून बाण बंद, टिंबं चालू. टिंब जागा सांगतं, वाट मी बघते.

सगळ्या गेमना एकच न्याय लावणार नाही. जुन्या रूनस्केप या दुसऱ्या ऑनलाइन गेममध्येही, तो खेळायच्या रूनलाइट नावाच्या प्रोग्रामच्या प्लगिन हबवरून 'क्वेस्ट हेल्पर' एका क्लिकमध्ये येतं, कोणाशी बोल, कुठे क्लिक कर, पायरी पायरीने सांगतं. तिथे मी ते काढून टाकलं. तिथल्या बऱ्याच क्वेस्ट म्हणजे कोडी असतात. पहिल्यापहिल्या कामांत एक स्वयंपाकी अंडं, दूध आणि पीठ मागतो, मग गहू आणा, गिरणीत टाका, दांडा फिरवा. ते स्वतः शोधण्यातच गंमत आहे. वॉरक्राफ्टमध्ये दहा डुकरं मारायची असतात. दहा डुकरं कुठे आहेत हे कळल्याने माझं कसलं कोडं फुटलं?

ग्रुपवरच्या त्या सातांपैकी निदान तिघं कॉलेजात आहेत. दिवसाला आठ तास खेळतात. खेळा बाबांनो, मजकूर वाचा, वाट चुका, मला हेवाच वाटतो. पण माझा तास कसा घालवायचा ते मला शिकवू नका.

त्या मुलाला मी वेगळा मेसेज केला होता, डब्यातला डबा बाहेर काढ म्हणून. काल रात्री पावणेबाराला त्याचा स्क्रीनशॉट आला. नकाशावर पिवळी उद्गारचिन्हं पसरलेली. खाली लिहिलंय, "ताई, आलं! आता ही डुकरं कोणती मारायची?"