बाई, तुम्ही नक्की कोण?

आमच्या लग्नात चांदीच्या ताटात तांदूळ पसरले आणि सुनीलनं त्यात अंगठीनं तीन अक्षरं लिहिली : वैशाली. मावश्या ताटावर वाकल्या, "छान आहे हो नाव" म्हणाल्या, आणि मंगल दत्तात्रयची मी वैशाली सुनील झाले. ही २००५ सालची गोष्ट. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी भातात गेले. अक्षरं मात्र अठरा वर्षांनी माझ्या मानगुटीवर येऊन बसली. (आडनावं मुद्दाम सांगत नाही. एका लेखात दोन घराणी ओढायला नकोत.)

त्याचं असं झालं. मी पुण्यातल्या एका शाळेत सेमी इंग्रजीच्या तुकड्यांना गणित शिकवायचे. जुनी एक सहकारी दुबईहून दिवाळीत आली होती. चकली मोडता मोडता ती सहज म्हणाली, "माझ्या वर्गात बावीस मुलं आहेत." पगाराचा आकडाही तिनं नंतर सांगितला, पण माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी बावीसवर अडकले होते. माझ्या दहावी ब मध्ये बासष्ट होती. बावीस मुलं म्हणजे बावीस वह्या. बावीस वह्या तर मी रिक्षात बसल्या बसल्या तपासल्या असत्या.

त्या रात्रीच मी अर्ज भरायला बसले.

या आंतरराष्ट्रीय शाळांचं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं आणि त्यासाठीची भरती आदल्या नोव्हेंबरापासून फेब्रुवारीपर्यंत चालते. म्हणजे आपली लग्नसराई ऐन भरात असते तेव्हाच. कामही तेच. फोटो, शिक्षण, अपेक्षा, आणि "कळवतो" म्हणून न कळवणं. काही जाहिरातींत सरळ पासपोर्टांची यादी होती : ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया. मातृभाषा इंग्रजी हवी. गणिताला! पायथागोरस तरी कुठे इंग्रज होता?

उरलेल्या जाहिरातींत आयबीचा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा, किंवा ब्रिटिश अभ्यासक्रमाचा दोन वर्षांचा अनुभव मागितलेला असायचा. हे आयबी प्रकरण १९६८ साली जिनिव्हात सुरू झालं, मुख्यतः देशोदेशी बदल्या होणाऱ्या लोकांच्या मुलांसाठी. आमच्याकडेही एसटीतल्या बदल्यांमुळे मी चार तालुक्यांत शिकले, पण त्यासाठी कुणी अभ्यासक्रम काढला नाही. असो. तर अनुभव हवा. अनुभव अशा शाळेत मिळणार, आणि अशी शाळा अनुभवावर मिळणार. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ही म्हण रचणाऱ्यानं बहुधा असाच एखादा अर्ज भरला असावा.

आयबीत विद्यार्थ्याच्या अंगी दहा गुण असावे लागतात. जिज्ञासू, विचारी, संतुलित वगैरे. त्यात एक आहे : धोका पत्करणारा. "तुम्ही स्वतः केव्हा धोका पत्करलात?" असा प्रश्न एका अर्जात होता. शनिवारी शेवटच्या तासाला दहावी ब वर मी सलग सहा वर्षं गेले आहे, असं लिहावंसं वाटलं. सुनील म्हणाला, "त्यांना कळायचं नाही."

पण खरी अडचण पहिल्याच रकान्यात होती. नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग मंगल, मग वडील, आणि खाली आईचं नाव वेगळं. बी.एस्सी. मंगल. बी.एड. वैशाली. पासपोर्टवर मधल्या नावाला वेगळा रकाना नसतो, त्यामुळे दिलेलं नाव : वैशाली सुनील. त्यात विद्यापीठानं भर घातली. माझ्या दोन्ही पदव्यांवर 'पुणे विद्यापीठ' आहे. २०१४ साली त्याचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, ते योग्यच झालं, पण फॉर्मातल्या यादीत फक्त नवं नाव. एका शाळेच्या मनुष्यबळ विभागाचं पत्र आलं : तुमच्या कागदांवर दोन व्यक्ती आणि दोन विद्यापीठं दिसतात, कृपया खुलासा करा. पत्राची सुरुवात 'प्रिय श्री. सुनील' अशी होती.

सुनीलनं ते दोनदा वाचलं. "तुझ्यासाठी पत्र आहे," असं म्हणून मोबाइल माझ्याकडे दिला, आणि मग रोज संध्याकाळी "आज माझं काही आलंय का?" असं विचारायला लागला.

एका शाळेला शिकवतानाचा वीस मिनिटांचा व्हिडिओ हवा होता. मुलांना उत्तर सांगायचं नाही, त्यांना प्रश्न पडू द्यायचे, अशी सूचना. मी समरूप त्रिकोण घेतले. मुलांना मैदानावर नेलं. ध्वजस्तंभाची सावली मोजायची, एका मुलाची सावली मोजायची, आणि स्तंभाची उंची काढायची. मनात म्हटलं, याहून जास्त जिज्ञासा पुणे जिल्ह्यात कुठे होणार? चित्रीकरण दहावी क च्या वर्गशिक्षकांकडे दिलं.

जानेवारी होता. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला सव्वीस जानेवारीच्या लेझमीची तालीम होती, हे मी विसरले होते. माझं "सो व्हॉट डू यू नोटिस?" आणि त्यावर हलगी. पहिली जिज्ञासा दाखवली ती पहिल्या बाकावरच्या मुलानं : "बाई, हे बोर्डाला विचारतात का?" दुसरी एकीनं : "बाई, सावली हलतीये." हे उत्तम निरीक्षण होतं, मी त्यावर तुटूनच पडणार होते, तेवढ्यात कॅमेऱ्यासमोरून शिपाईमामा सूचनावही घेऊन आले. सही केल्याशिवाय मामा हलत नाहीत, हे सगळ्या शाळेला ठाऊक आहे. मी सही केली. 'ज्या विद्यार्थ्यांनी जातीच्या दाखल्याच्या झेरॉक्स जमा केल्या नाहीत त्यांनी उद्यापर्यंत...' हे मामांनी स्वतःच खणखणीत वाचून दाखवलं. तोवर सावली आणखी हलली. स्तंभाची उंची साडेतीन फूट निघाली.

तोच व्हिडिओ पाठवला. दुसरा काढायला वेळ नव्हता.

मग शिफारस. ही मुख्याध्यापकांनी स्वतः ऑनलाइन, गुप्तपणे भरायची. म्हणजे आधी त्यांना सांगणं आलं. हेडसरांनी शांतपणे ऐकलं, मग क्लार्कला बोलावलं, दार लावलं, आणि गुप्त फॉर्म मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'या व्यक्तीला तुम्ही पुन्हा नोकरीवर घ्याल का?' बाई, तुम्ही अजून गेलाच नाहीत, तर पुन्हा कसं घेऊ?"

"सर, हो म्हणा."

"'मुलांसोबत काम करण्यास ही व्यक्ती योग्य आहे का? काही शंका असल्यास लिहा.'" सर माझ्याकडे बघत राहिले. "वर्तणूक चांगली असा दाखला देतो ना आपण, तो चालत नाही का? छापील आहे."

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल या शाळा फार काटेकोर असतात. ते खरं म्हणजे आपल्याकडेही हवं. सरांना ते पटलं, आणि पटल्यामुळे ते आणखी गंभीर झाले. पुढे बारा बाबी होत्या, प्रत्येकीला पाचपैकी गुण द्यायचे. सरांनी पहिल्या बाबीला तीन दिले.

"सर, तीन?"

"तीन म्हणजे साठ टक्के. फर्स्ट क्लास आहे."

"सर, ते लोक सगळ्यांना पाच देतात."

"पैकीच्या पैकी?" सर तीस वर्षं बोर्डाचे मराठीचे पेपर तपासत होते. त्यांच्या हातून ते होणार नव्हतं. शेवटी वक्तशीरपणाला पाच, कारण मस्टर समोर होतं, आणि बाकीच्यांना चार. वर म्हणाले, "मॉडरेटरनं पाहिलं तरी टिकलं पाहिजे."

पहिली मुलाखत पेरूमधल्या लिमाच्या शाळेची. त्यांचे दुपारचे दोन, आपले रात्रीचे साडेबारा. घर झोपलेलं, म्हणून मी स्वयंपाकघरात ओट्याशी बसून कुजबुजत बोलले. पलीकडच्या बाई काळजीनं विचारत होत्या, तुम्हाला बरं नाही का, आपण नंतर बोलू या का. दिवा दिसला म्हणून सासूबाई आल्या. मध्यरात्री फ्रीजशेजारी साडी नेसून, लिपस्टिक लावून सून हळू आवाजात कुणाशी तरी हसून बोलते आहे, हे बघून त्यांनी पाणी न पिताच दिवा घालवला. लिमा गेलं.

दुसरी दुबईची. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यामुळे आवाज तरी मोकळा काढता आला. ब्रिटिश मुख्याध्यापकांनी विचारलं, वर्गात मुलं किती? बासष्ट म्हटलं. ते म्हणाले, हो, पूर्ण इयत्तेत, पण वर्गात? मी म्हटलं, वर्गातच, ती ब तुकडी आहे. ते बराच वेळ काही लिहीत होते. मग विचारलं, तुमचा एखादा धडा फसल्याचं सांगा. आमच्याकडे धडा नापास होत नाही, मुलं होतात, हे ओठांवर आलं होतं. पण खोटं बोलवेना, म्हणून साडेतीन फुटी ध्वजस्तंभाची गोष्ट सांगून टाकली. सूचनावहीसकट. ते इतके हसले, की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सूर्य सरकत असताना दोन्ही सावल्या एकाच क्षणी मोजायला हव्यात, हे मुलांना नंतर कसं सापडलं, तेही सांगितलं. त्याची दोन वाक्यं त्यांनी ऐकली असतील.

आठवड्यानं दोन वर्षांचा करार आला. कागदपत्रांची पूर्तता होण्याच्या अटीवर.

कागदपत्रांसाठी १९६१ सालचा एक हेग करार आहे. त्यातल्या देशांना एपोस्टिल नावाचा एकच शिक्का पुरतो. भारत त्यात २००५ साली गेला, म्हणजे माझं नाव बदललं त्याच वर्षी. अमिरातीला मात्र एपोस्टिल चालत नव्हतं. तिथे माळ लागायची : आधी राज्य शासनाचा शिक्का, मग दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा, आणि तिकडे पोचल्यावर तिकडच्या मंत्रालयाचा. हे सगळे शिक्के मूळ पदवीच्या पाठीवर.

आणि माझी पदवी लॅमिनेट केलेली होती.

आप्पा एसटीत कंडक्टर होते. भिजलेल्या कागदाचा त्यांना जन्माचा धसका. रेशनकार्ड, लाइटबिल, माझ्या लहानपणीच्या गोवराच्या औषधाची चिठ्ठी, सगळं लॅमिनेट. घरात पहिली पदवी आली तेव्हा त्यांनी दुकानदाराकडून सगळ्यात जाड प्लास्टिक मागून घेतलं होतं. एजंट म्हणाला, "मॅडम, प्लास्टिकवर शिक्का बसत नाही. काढून आणा, नाहीतर डुप्लिकेट काढा." डुप्लिकेटला किती दिवस लागतील ते कुणी सांगेना.

अप्पा बळवंत चौकाजवळ एक झेरॉक्सवाला हे काम करतो म्हणून कळलं. आप्पा बरोबर आले, नको म्हटलं तरी. त्या माणसानं हेअर ड्रायर काढला, पदवी काचेवर ठेवली, कोपरा गरम केला, ब्लेडनं प्लास्टिकचं टोक उचललं, आणि केळ्याचं साल सोलावं तसं, पण दर मिनिटाला नखाएवढं, ओढायला लागला. मध्येच थांबून चहा प्यायला. आप्पा काउंटरला धरून उभे. 'मंगल' वरून प्लास्टिक निघालं तेव्हा शाईची फिकट, उलटी अक्षरं त्याला चिकटून आली. कागदावरचं नाव राहिलं, पण जरा अशक्त झालं. विद्यापीठाच्या बोधचिन्हाचा एक तुकडा मात्र प्लास्टिकबरोबर गेला तो गेलाच.

"जाड घेतलं होतं ना," आप्पा म्हणाले. यात पश्चात्ताप होता की मालाबद्दलचा अभिमान, ते मला कळलं नाही. सोललेलं प्लास्टिक त्यांनी गुंडाळून पिशवीत घातलं.

उरलेली कामं भराभर झाली. शिवाजीनगर कोर्टाशी नोटरीपुढे मंगल आणि वैशाली या दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं मी शपथेवर सांगितलं. पोलीस दाखल्यासाठी हवालदार घरी आले. सोसायटीत संध्याकाळपर्यंत तीन वेगवेगळे गुन्हे माझ्या नावावर जमा झाले. हवालदारांनी मात्र पाच मिनिटांत चौकशी संपवली आणि पाऊण तास मुलीच्या दहावीच्या गणिताविषयी बोलले. जाताना वर्गसमीकरणांच्या नोट्स घेऊन गेले.

महिन्याभरानं पदवी परत आली. पुढून आजारी, पण मागून गच्च : शिक्के, स्टिकर, सह्या. आप्पांनी चष्मा लावून ती दोन्ही बाजूंनी बघितली. मग हळूच विचारलं, "आता करू या का लॅमिनेट?"

ऑगस्टात मी दुबईला पोचले. पहिल्या दिवशी स्वागतकक्षात गळ्यात घालायचं ओळखपत्र मिळालं, आणि वर्गाच्या दारावर सुबक पाटी होती. इथे लहानमोठे सगळे शिक्षकांना मिस आणि मिस्टर म्हणतात. दार उघडून मी आत गेले. वीस मुलं उठून उभी राहिली (दोन गैरहजर होती) आणि एका सुरात म्हणाली, "गुड मॉर्निंग, मिस सुनील!"

रात्री पाटीचा फोटो घरी पाठवला. लगेच व्हिडिओ कॉल आला. सुनील बराच वेळ नुसताच बघत होता. मग उठून स्वयंपाकघरात गेला, डबा उघडल्याचा आवाज आला, आणि तिथूनच ओरडून म्हणाला, "तांदूळ काढू का गं?"