बॅटरीचे शिसे, स्वयंपाकघर आणि पक्कड: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या महिन्यात ओहायोत भाच्याकडे गेलो, तेव्हा त्याच्या स्वयंपाकघरातील शेगडीवर शिसे वितळवण्याचे लोखंडी भांडे ठेवलेले पाहिले. भाचा .38 स्पेशल रिव्हॉल्व्हरने नेमबाजीचा सराव करतो आणि विकतची काडतुसे महाग पडतात म्हणून गोळ्या, म्हणजे काडतुसाच्या टोकाशी बसणारा केवळ शिशाचा भाग, घरी ओतू लागला आहे. स्वतःच्या वापरासाठी असे करण्यास अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार परवाना लागत नाही, त्यामुळे छंदाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ज्या मराठी संदेशावर विसंबून त्याने हे सारे मांडले होते त्या संदेशाबद्दल. तो त्याला एका मित्राकडून आला, मित्राला आणखी कोणाकडून, आणि मी कोल्हापूरला परतेपर्यंत तो माझ्या पुतण्याच्या फोनवरही पोहोचला होता.

संदेशातील दावे थोडक्यात असे. शिसे 1749 अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून ओतताना वाफ होत नाही आणि काम स्वयंपाकघरात करता येते. मोटारीच्या जुन्या बॅटऱ्या फोडून मिळणारे शिसे सर्वांत स्वस्त आणि उत्तम. साचा लोखंडाचाच घ्यावा, कारण ॲल्युमिनियमचा शिशात वितळतो. साच्याच्या मुठींवर पैसे घालवू नयेत, पक्कड पुरते. नवशिक्याने थेट 6 खान्यांचा, म्हणजे एका वेळी 6 गोळ्या ओतणारा साचा घ्यावा. आणि शेवटी, नुसते शिसे ओतणे म्हणजे दारूगोळा बनवणे नव्हे, म्हणून भारतातही हे करायला हरकत नाही.

माझी तीस वर्षे शिवाजी उद्यमनगरातील फाउंड्रीत ओतकाम करण्यात गेली. ते काम बिडाचे होते, शिशाचे नव्हे. तरी धातू, साचा आणि उष्णता यांचे नाते मला ठाऊक आहे, आणि हा मजकूर लिहिणाऱ्याने कधी साचा हातात धरला असेल असे मला वाटत नाही.

सर्वांत घातक दावा बॅटरीचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. बॅटरीत गंधकाम्ल असते, हे बहुतेकांना माहीत असते. माहीत नसते ते पुढचे. आतल्या प्लेटांवरचा लगदा हा शिशाचा सल्फेट आणि ऑक्साइड असतो. घरगुती भांड्यात तो वितळून धातू होत नाही, त्याची विषारी भुकटी आणि मळी होते, आणि एवढा खटाटोप करून हाती येणारे शिसे थोडेच असते. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे प्लेटांच्या जाळीत शिशाबरोबर कॅल्शियम, अँटिमनी आणि आर्सेनिक यांचे अंश असू शकतात. ते एकत्र वितळले की मळीत त्यांची अशी संयुगे तयार होतात, ज्यांना नुसता ओलावा लागला तरी आर्सिन आणि स्टिबिन हे वायू सुटतात. म्हणजे भांडे विझवून मळी अंगणात टाकली आणि रात्री पाऊस झाला, तर धोका तिथूनही उठू शकतो. आर्सिन रक्तातील तांबड्या पेशी फोडतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे अवघे 3 भाग असले, तरी अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याची संशोधन संस्था ते जीवाला तत्काळ धोकादायक मानते. एवढ्या कमी प्रमाणात तो असल्याचे वासावरून समजेलच असे नाही.

यावर भाच्याचा बचाव असा होता की तो एकदोनच बॅटऱ्या फोडणार होता. त्याला मी सेनेगलमधील डाकारजवळच्या थियारोय-सुर-मेर या वस्तीची हकिगत सांगितली. तिथे लोक जुन्या बॅटऱ्यांतील शिसे घराच्या आसपास वेगळे करत आणि शिसे मिसळलेली वाळू चाळून विकत. नोव्हेंबर 2007 ते मार्च 2008 या काळात त्या वस्तीतील 18 मुले दगावली. त्यानंतर त्यांच्या भावंडांचे आणि शेजारच्या मुलांचे रक्त तपासले गेले, तेव्हा दर डेसिलिटरमागे शिशाचे प्रमाण सुमारे 40 मायक्रोग्रॅमपासून 600 च्या वरपर्यंत आढळले. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने 2021 पासून मुलांसाठी लक्ष घालण्याची पातळी 3.5 धरली आहे. थियारोयच्या मुलांनी शिसे ओतले नव्हते. ती त्या मातीत खेळत होती, एवढेच. ही एक घटना नीट वाचली, तर बॅटरीच्या दाव्यावर आणखी पुरावा मागण्याची गरज उरत नाही.

आता वाफेचा दावा. यात अर्धे सत्य आहे आणि ते मला मान्य करावे लागते. शिसे 327.5 अंशाला वितळते, ओतकाम साधारण 370 अंशांच्या आसपास चालते, आणि त्या तापमानाला शिशाची प्रत्यक्ष वाफ फारच थोडी होते. परंतु ओतकामातील शिसे अंगात जाते ते मुख्यतः धुळीतून. वितळलेल्या शिशावर सतत राखाडी साय धरते, ती डावाने काढावी लागते, आणि ती सुकली की पिठासारखी भुकटी होते. भाच्याच्या ओट्यावर मी ओला पांढरा कागद एकदा फिरवला, तर त्यावर पेन्सिलीने ओढावी तशी करडी रेघ उमटली. त्या जागेपासून दोन हातांवर माझ्या अडीच वर्षांच्या नातीचा दुधाचा पेला होता. साय काढण्याचा डावही घरातलाच होता आणि काम झाल्यावर तो धुऊन पुन्हा फडताळात जात होता. नातीचे रक्त तपासून घेतले, शिशाचे प्रमाण दर डेसिलिटरमागे 5.2 मायक्रोग्रॅम आले. डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासायला सांगितले आहे. शिसे उकळत नाही, म्हणून ते निरुपद्रवी, हे अनुमान ज्याने काढले, त्याने तो कागद पाहायला हवा होता.

म्हणून हे काम घराबाहेर, मोकळ्या हवेत किंवा धूर बाहेर खेचणाऱ्या पंख्याखाली व्हावे. त्याची भांडी स्वयंपाकाच्या भांड्यांत कधीही मिसळू नयेत, आणि कामाचे कपडे न बदलता व हात साबणाने न धुता मुलांना उचलून घेऊ नये. आणखी एक गोष्ट संदेशात नावालाही नाही. ओला धातू किंवा ओला डाव वितळलेल्या शिशात बुडाला, तर पाण्याची वाफ होताना ते सोळाशे पटींहून अधिक फुगते आणि भांड्यातील शिसे तोंडावर उडते. फाउंड्रीत आम्ही ओल्या हत्याराला भट्टीजवळ फिरकू देत नसू.

साच्याच्या धातूबद्दलचा दावा निव्वळ हास्यास्पद आहे. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते. गोळ्या ओतण्याचे शिसे त्याच्या जवळपासही जात नाही. विस्कॉन्सिनमधील ली ही कंपनी ॲल्युमिनियमचे साचे विकते आणि साचा तापवण्यासाठी त्याचा एक कोपरा वितळलेल्या शिशात काही वेळ बुडवून धरा, असे स्वतःच सांगते. साचा शिशात वितळत असता, तर अशी सूचना कोणी दिली असती का? लोखंडाच्या बाजूने एवढे खरे आहे की लायमन किंवा आरसीबीएस या साचे बनवणाऱ्या कंपन्यांचा लोखंडी साचा निगराणी ठेवल्यास बापाकडून मुलाकडे जातो, तर ॲल्युमिनियम मऊ असल्याने साच्याचे दोन भाग जुळवणाऱ्या खिळ्या आणि भोके लवकर झिजतात आणि निष्काळजी हातात तो टिकत नाही. पण लोखंडाला गंज चढतो आणि ते तापायला वेळ घेते. ॲल्युमिनियम उष्णता कितीतरी झपाट्याने वाहून नेते, लवकर तापते, आणि वजनाला हलके असल्याने तासाभरानंतर मनगट दुखत नाही. महिन्याला शे-दोनशे गोळ्या ओतणाऱ्याला ॲल्युमिनियमचा साचा पुरतो.

मुठींच्या मुद्द्यावर मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण पैसे वाचवण्याची इच्छा इथेच माणसाला फसवते. साचा म्हणजे दोन ठोकळे. त्यांच्या आतल्या तोंडांवर खिळ्या आणि भोके असतात, आणि ठोकळे मिटताना त्यांनीच एकमेकांची जागा शोधायची असते. मुठीच्या दोन्ही भुजा ठोकळ्यांच्या खाचेत स्क्रूने बसतात आणि त्यांत मुद्दाम किंचित ढिलाई ठेवलेली असते, ती याचसाठी. फाउंड्रीत वाळूच्या साच्याच्या पेटीचा वरचा आणि खालचा भाग पिनांवर बसवताना आम्ही हेच पाहत असू. जोर लावून बसवलेली पेटी नेहमी तिरकी बसते. पक्कड ठोकळ्यांना बाहेरून आवळते, तेही एकाच बाजूला जास्त. मग तोंडे पूर्ण मिटत नाहीत, फटीत शिसे शिरते आणि गोळीच्या दोन्ही अंगांना पातळ पापुद्रा येतो. भाच्याने मला दाखवलेल्या गोळ्यांपैकी निम्म्यांना तो होता, आणि ठोकळ्यांच्या पाठीवर पकडीच्या दातांचे व्रण उमटले होते. शिवाय पकडीला लाकडी दस्ता नसतो, त्यामुळे काही मिनिटांतच ती हाताला चटके देऊ लागते.

सगळ्या मुठी सगळ्या साच्यांना बसतात, असेही नाही. लीच्या 2 खान्यांच्या साच्याला मुठी जोडूनच येतात, 6 खान्यांच्या साच्यासाठी त्या वेगळ्या घ्याव्या लागतात, आणि लायमनच्या मुठी ठोकळ्याच्या आकारानुसार निरनिराळ्या असतात. तेव्हा साचा निवडतानाच त्याची मूठ कोणती हे पाहावे. गोळी साच्यात अडकली, तर मुठीच्या बिजागरीच्या बोल्टवर लाकडी दांडक्याने हलके ठोकावे, ठोकळ्यावर कधीही ठोकू नये.

नवशिक्याने 6 खान्यांचा साचा घ्यावा, या सल्ल्याला मोठे उत्तर नको. साचा थंड असला की गोळीवर सुरकुत्या पडतात, अति तापला की ती खरबरीत पांढुरकी दिसते, आणि हे तापमान हाताला कळू लागेपर्यंत 2 खाने सांभाळणे पुष्कळ झाले. 158 ग्रेनची, म्हणजे साधारण 10 ग्रॅमची गोळी धरली, तर एका पौंड शिशात 44 गोळ्या होतात. एवढ्यासाठी कोणाला घाई असण्याचे कारण नाही.

उरला भारताचा दावा, आणि तो माझ्या घरातील दुसऱ्या मुलाला तुरुंगात नेऊ शकतो. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 2 मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या आहे, तिच्यात दारूगोळ्याचे सुटे भाग आणि दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. कलम 5 नुसार परवान्याशिवाय तो बनवता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्या गुन्ह्याला किमान 7 वर्षे, तर कमाल जन्मठेप आहे. बंदुकीचा परवाना असला, म्हणजे गोळ्या बनवण्याचाही परवाना मिळाला, असे होत नाही. पुतण्याने संदेश वाचून मला विचारले होते, "काका, पुढच्या वेळी अमेरिकेला जाल तेव्हा येताना एक साचा आणाल का?" साचा आणणार नाही, हे मी त्याला त्याच दिवशी सांगितले आणि तो संदेश पुढे कोणाला पाठवला आहे, त्यांची नावे त्याच्याकडून मागून घेतली.