धडा गेला, वादही गेला

मुलीच्या जीवशास्त्राच्या वहीत परवा एका पानावर एवढंच होतं: 'पृथ्वीचं वय २ ते ४० कोटी वर्षं. केल्विन, १८६२. डार्विनने यावर काय उत्तर द्यावं?' खाली तिने तीनदा लिहून खोडलेलं. तापलेला गोळा निवायला किती काळ लागेल, या हिशेबावरून भौतिकशास्त्रज्ञ केल्विनने तो आकडा काढला होता. डार्विनच्या मते उत्क्रांती घडते ती नैसर्गिक निवडीने, पिढ्यान्‌पिढ्या छोटे बदल साचत; तिला एवढा वेळ पुरेना. डार्विन या आक्षेपाने खरोखर बेजार झाला होता. पुढे किरणोत्सर्गावरून वय मोजता आलं, ते निघालं सुमारे ४५४ कोटी वर्षं.

आम्ही राहतो पेनसिल्व्हेनियात. याच राज्यात डोव्हरच्या शाळा मंडळाने २००४ मध्ये ठरवलं, की नववीच्या मुलांना उत्क्रांतीवर शंका घेणारं आणि 'बुद्धिमान रचने'कडे (सजीव कुणा बुद्धिमान कर्त्याने घडवले, या कल्पनेकडे) बोट दाखवणारं निवेदन वाचून दाखवायचं. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला साफ नकार दिला. ११ पालक कोर्टात गेले आणि २० डिसेंबर २००५ ला जिंकले. म्हणजे अमेरिकेत सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. टेनेसीत उत्क्रांती शिकवायला बंदी घालणारा १९२५ चा कायदा १९६७ पर्यंत टिकला. पण भांडण उघड झालं, साक्षी-पुराव्यांनी झालं.

आपल्याकडे एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातून करोनाकाळात 'भार कमी' म्हणून उत्क्रांती वगळली, ती २०२३ च्या पुस्तकांत परत आलीच नाही. 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याची नुसती 'आनुवंशिकता' झाली. १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी सह्या करून विरोध केला. 'बारावीच्या जीवशास्त्रात आहेच की,' हे उत्तर मला पटत नाही. दहावीनंतर कला-वाणिज्यला गेलेल्या मुलाची या विषयाशी पुन्हा गाठ पडते कुठे?

'दोन्ही बाजू शिकवा' असंही काही मित्र म्हणतात. शिकवा ना! पण १८६२ ची बाजू १८६२ ची म्हणून शिकवा. केल्विनचा आक्षेप तेव्हा विज्ञानाचाच होता आणि त्याचा निकाल मोजमापाने लागला. 'माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला?' हा त्या तोडीचा आक्षेप नव्हे.

महाराष्ट्राच्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. शिकवणाऱ्यांना एकच विनंती: अवशेषांगांची, म्हणजे शरीरात उरलेल्या निरुपयोगी अवयवांची, यादी घोकून घेण्याआधी केल्विनचा आकडा फळ्यावर लिहा, आणि मुलांना थोडा वेळ खोडाखोड करू द्या.