घशाला ‘विश्रांती’ देऊ नका

डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्यांच्या घरी सध्या एक मेसेज फिरतोय. घसा सोलवटला की तोंडाने काही घेऊ नका, पोटात अन्न पोचवणाऱ्या नळीवर राहा, घशाला पूर्ण विश्रांती द्या. फार दुखलं तर आठवडाभर रेडिएशन थांबवा. दुखणं दाबणाऱ्या मॉर्फिनला हात लावू नका, व्यसन लागतं. रेडिएशनचा शेवटचा शेक झाला की त्रास आपोआप थांबतो. पाठवणाऱ्यांना काळजीच असते, हे मला कळतं. पण माझा दादा यातलं पहिलं वाक्य खरं मानून बसला होता, म्हणून हे लिहितेय.

हाड मोडलं की प्लास्टर घालतात, तसाच घसाही गप्प ठेवावा असं कुणालाही वाटेल. पण गिळणं हे स्नायूंचं काम आहे. साधा आवंढा गिळतानाही जीभ मागे रेटते, स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासाची वाट झाकली जाते आणि मग अन्ननलिकेचं तोंड उघडतं. रेडिएशनने हा सगळा भाग सुजतो, पुढे आतून कडक होत जातो. नेमक्या त्याच आठवड्यांत स्नायू वापरले नाहीत तर ते रोडावतात. मग घशाच्या जखमा भरल्या तरी घास खाली उतरत नाही. म्हणूनच गिळण्याचे व्यायाम शक्यतो रेडिएशन सुरू होण्याआधीच शिकवतात.

तिसऱ्या आठवड्यात दादा चमचाभर पाण्यालाही घाबरायचा. गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टने त्याला बसवून शिकवलं: श्वास रोखायचा, जोर लावून गिळायचं, लगेच खाकरायचं, मगच श्वास घ्यायचा. तो टेबलाची कड घट्ट धरायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि प्रत्येक घोटाला कागदावर एक रेघ ओढायचा. पाच रेघा झाल्या की थांबायचा. ही पद्धत त्याच्यासाठी ठरवलेली होती. तुमची तुमच्या थेरपिस्टकडूनच घ्या.

नळी वाईट नाही. वजन झपाट्याने उतरत असेल तर ती लागतेच, कारण वजन फार घटलं की रेडिएशनच्या वेळी डोकं स्थिर धरणारा चेहऱ्यावरचा मास्कसुद्धा सैल पडतो आणि रेडिएशनची आखणी नव्याने करावी लागू शकते. पण नळीने पोट भरतंय म्हणून तोंड बंद करायचं नाही. सुरक्षित ठरवून दिलेले घोट चालूच ठेवायचे. मात्र पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल, गिळल्यावर आवाज ओलसर घोगरा येत असेल किंवा ताप आला असेल, तर त्याच दिवशी कळवा. पाणी श्वासनलिकेत जात असू शकतं.

रेडिएशन थांबवण्याचा सल्ला तर सगळ्यात घातक. बहुतेकांचा कोर्स आठवड्याला 5 दिवस, 6 ते 7 आठवडे चालतो. मध्ये खंड पडला की उरलेल्या कॅन्सरपेशी वेगाने वाढू लागतात. उपचार एक दिवस लांबला तरी गाठ काबूत येण्याची शक्यता सुमारे 1 टक्क्याने घटते. म्हणून तर बुडालेला दिवस भरून काढायला कधीकधी एकाच दिवशी दोनदा बोलावतात. थांबायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, घरी बसून ठरवू नका.

आणि मॉर्फिन? देखरेखीखाली दुखण्यापुरतं घेतलेलं मॉर्फिन आणि व्यसन या वेगळ्या गोष्टी आहेत. जखमा भरल्या की डोस हळूहळू उतरवून बंद करतात. खाण्याआधी अर्धा तास ते घेतलं की दादाचे घोट उतरायचे. दुखणं दाबल्याशिवाय गिळण्याचा व्यायाम होतच नाही. मॉर्फिनने पोट साफ होत नाही, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. लिटरभर कोमट पाण्यात मीठ आणि खाण्याचा सोडा एकेक छोटा चमचा घालून दिवसातून अनेकदा चुळा भरा, गिळू नका. अल्कोहोल असलेला माउथवॉश नको. तोंडात पांढरे चट्टे दिसले तर दाखवा. ती बुरशी असू शकते, तिला वेगळं औषध लागतं.

शेवटच्या शेकाच्या दिवशी दादाला अभिनंदनाचे फोन आले, आणि त्यानंतरचा आठवडा त्याला सर्वांत जड गेला. हे असंच असतं: त्रास शेवटी आणि नंतरच्या एक-दोन आठवड्यांत टोकाला जातो, मग कित्येक आठवडे घेत उतरतो. आम्हाला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. औषध बिघडलं की आजार उलटला, या भीतीत रात्री काढल्या. सुट्टी देताना विचारून घ्या: दुखण्याची औषधं किती दिवसांची दिलीत, व्यायाम कधीपर्यंत करायचे, आणि रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा.