मावशींना चहा द्यायची रीत

पहिली गोष्ट, कप वेगळा ठेवा. नवा आणायची गरज नाही. सेटमधले पाच फुटून एकटा उरलेला, कान तुटलेला कप प्रत्येक घरात असतोच. तो सिंकखाली फिनेलच्या बाटलीशेजारी पालथा घालून ठेवा. कुणी विचारलंच, तर "मावशींना मोठा कप लागतो हो" म्हणावं. चहा मात्र साखर घालून घट्ट द्या. आपण कोल्हापूरची माणसं, पाहुणचारात हात आखडता घेत नाही. आणि हे जातीपातीचं नाही बरं का, स्वच्छतेचं आहे. घरातले बाकीचे सगळे कप रोज मावशीच धुतात, हा विचार तेवढा त्या वेळी डोक्यात येऊ देऊ नये.

मुलांना शाहू महाराजांची गोष्ट जरूर सांगा. अस्पृश्य ठरवलेल्या गंगाराम कांबळ्यांना महाराजांनी हॉटेल घालायला मदत केली, तिथला चहा स्वतः सगळ्यांदेखत घेतला, बरोबरच्या मंडळींनाही पाजला. फक्त मावशी गेल्यावर सांगा. पोरं नको तिथं नको ते विचारतात.

26 जूनला, शाहू जयंतीला, दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्यापुढं सेल्फी काढा. 1902 साली संस्थानच्या नोकऱ्यांत 50 टक्के जागा मागासांसाठी ठेवणारा राजा आमचा, असं स्टेटस टाका. रात्री जेवताना "आता कशाला हवंय आरक्षण, सगळे सारखेच झालेत की" असं म्हणा. दोन्ही एकाच दिवशी पचतं. तांबड्यावर पांढरा पितोच की आपण.

त्याच राजानं 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, हेही पाठ असू द्या. मावशी कधी बोलता बोलता म्हणतील, "पोरगी धावीनंतर घरातच हाय वैनी, फी झेपंना." अशा वेळी हळहळावं, "अरेरे" म्हणावं आणि लगेच सांगावं, "मग बरं झालं की! वरच्या मजल्यावर बाई हवीच आहे."

लिफ्टचं सोसायटीनं ठरवलेलंच आहे, त्यात आपण पडू नये.

साखरेचंही तसंच. हिवाळ्यात बीडकडची जोडपी तोडीला येतात, उसाच्या फडाशेजारी खोपी घालून राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हात चार, हिशेबात मोजणी एकाची. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोड चालूच. पोरं तिथंच पाचटात खेळतात. तुम्ही आपल्या मुलांना शेजारच्या गुऱ्हाळावर न्या, काकवी चाटायला द्या, 'बॅक टू रूट्स' म्हणून रील करा. रील काढताना फोन जरा उजवीकडं धरावा, डावीकडं खोपी येतात. परतताना उसाची ट्रॉली आडवी आली, तर हॉर्न सोडू नका. ह्या लोकांना ट्रॅफिकची अक्कल नसते.

पावसाळ्याची तयारी मात्र आधीपासून हवी. पंचगंगा वाढायला लागली की राजाराम बंधाऱ्यावरची पातळी तासातासाला ग्रुपवर टाका. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे आपल्याला लहान पोरालाही सांगता येतं. 2019 चे व्हिडिओ पुन्हा पाठवा. "निसर्ग गरीब-श्रीमंत बघत नाही" असंही लिहा, पण ते चौथ्या मजल्यावरून लिहावं, उठून दिसतं. मावशींचा फोन येईल, "वैनी, घरात पाणी शिरलंय, शाळंत नेऊन ठेवलंय आमास्नी." काळजीनं विचारा, "अगं बाई! मग उद्या येणार का परवा?"

पाणी उतरल्यावर जुने कपडे द्या. फाटके नकोत, आपली बदनामी होते. नुसते विटलेले चालतात. देताना घरातल्या कुणाला तरी फोटो काढायला उभं करा. पगाराच्या दिवशी वही काढा. महिन्याला दोन सुट्ट्या आधीच ठरल्यात, त्याच्यावरचे सगळे खाडे. मावशींनी पुराचं नाव काढलं, तर समजुतीनं सांगा, "तुमचं नुकसान झालं हे खरंय मावशी, पण भांडी मीच घासली ना इतके दिवस?"