कोकणातला सलोखा आणि सोसायटीची मीटिंग

देशात कुठेही दंगल झाली की आमच्या गावच्या ग्रुपवर तासाभरात एक पोस्ट पडते. पालखी, मशीद, माड, मागे मावळता सूर्य, आणि खाली ओळ : 'आमचं कोकण असं नाही.' त्यावर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. दुसऱ्या दिवशी त्याच ग्रुपवर त्याच लोकांपैकी कोणीतरी 'आंबा कोणाकडून घ्यावा आणि मासळी कोणाकडून घेऊ नये' हा फॉरवर्ड टाकतं. त्यालाही हात जोडलेलेच.

खरं सांगू? मला पहिल्या पोस्टचाच राग जास्त येतो. दुसरीचं विष निदान उघड असतं. पहिली वाचून माणसं निर्धास्त होतात.

कौतुकाला सामग्री आमच्याकडे रग्गड आहे. महाराजांच्या आरमारात मायनाक भंडारी होता तसा दौलतखानही होता. केळशीला याकूबबाबांचा दर्गा आहे. रत्नागिरीजवळ हातीसला पीर बाबरशेखांच्या उरुसात हिंदू गावकरी पुढे असतात. अलिबाग-रेवदंड्याकडे बेने इस्राएली कित्येक पिढ्या तेलाचे घाणे चालवत राहिले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचा. 1948 नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्रायलला गेले, पण गावाने हाकललं म्हणून नव्हे. कोर्लईला आजही पोर्तुगीज मिसळलेली बोली घरात बोलतात. भाषणाला हे सगळं झकास आहे. पण चौकात दोन जमाव समोरासमोर आले तर त्यांना मागे कोण खेचणार, याचं उत्तर यात नाही. मायनाक भंडाऱ्याचं नाव घेतल्यावर कोणाच्या हातातला दगड खाली पडलेला मी तरी पाहिला नाही.

आणि 'इथे कधी काही झालंच नाही' हेही खरं नाही. मे 1970मध्ये भिवंडी पेटली, जळगाव पेटलं आणि महाडही. न्यायमूर्ती मादन आयोगाने चौकशी केली ती या तिन्ही ठिकाणांची. त्याच महाडला 1927 साली चवदार तळ्याचं पाणी प्यायले म्हणून माणसांना मार पडला. मारणारे आणि मार खाणारे खानेसुमारीत एकाच धर्माचे होते. आजही कित्येक गावांत शिमग्याला मानावरून दोन भावकींची जुंपते, पालखी देवळातच अडकून पडते आणि तहसीलदाराला मध्ये पडावं लागतं. भांडायला आम्हाला परधर्मच लागतो असं काही नाही.

तरीही एकूण हिशेबात गावं शांत असतात, हे खरं. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी 1950 ते 1995 या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची मोजदाद केली. मेलेल्यांपैकी जवळपास निम्मी माणसं फक्त आठ शहरांतली निघाली, आणि खेड्यांतली चार टक्क्यांहूनही कमी. त्यांनी शहरांच्या जोड्या लावून पाहिल्या : एकीकडे अलीगढ, दुसरीकडे कोझिकोड. दोन्हीकडे मुसलमानांची वस्ती मोठी, पण एक पुन्हा पुन्हा पेटतं आणि दुसरं पेटत नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : गावात रोजची ओळख पुरते. शहरात ती पुरत नाही. तिथे व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालयं अशा जागा लागतात, जिथे दोन्हीकडची माणसं कामासाठी एकत्र बसतात. अफवा उठली की हीच माणसं एकमेकांना फोन करतात.

आता प्रश्न असा, की कोकणातलं गाव हे गाव राहिलंय का?

अर्धं गाव मुंबईत असतं, ते आजचं नाही. पण पूर्वी मुंबईत ते कसं राहायचं ते आठवा. गिरणगाव, माझगाव, डोंगरी इथल्या खोल्या काही आदर्श नव्हत्या आणि वस्त्याही बऱ्याच वेगवेगळ्या होत्या. पण गिरणीतलं खातं एक होतं, गोदीतली पाळी एक होती, युनियन एक होती. 1982च्या संपानंतर गिरण्या गेल्या. मग 1992-93च्या दंगली आल्या. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे सुमारे 900 माणसं गेली. त्यानंतर ज्यांना जमलं ते 'आपल्या' वस्तीत राहायला गेले. मुंब्रा वाढलं ते असंच. आज गणपतीला येणारा चाकरमानी ज्या सोसायटीतून येतो तिथे दुसऱ्या धर्माला घर मिळत नाही, आणि ईदला येणारा अशा वस्तीतून येतो जिथे दुसरा राहायला जातच नाही. दोघांचीही पोरं गावात येतात ती एकमेकांना फोनवरच्या व्हिडिओपुरती ओळखून. मोठ्यांनी 'चाचा' म्हणून ओळख करून दिली की नमस्कार करतात आणि परत फोनमध्ये डोकं. गावाचा पैसा मुंबईहून येतो, मतंही तिथूनच येतात.

शेखाडीचं नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. 1993ला रायगडच्या किनाऱ्यावरच्या या गावात स्फोटकं उतरली आणि पुढे 12 मार्चला मुंबईत 257 माणसं मेली. त्यानंतर या किनाऱ्यावरचा प्रत्येक मुसलमान नाखवा कित्येक वर्षं संशयित होता. त्याच खटल्यात कस्टमची आणि पोलिसांतली माणसंही दोषी ठरली, हिंदूही आणि मुसलमानही. ती आठवण मात्र कोणाच्या फॉरवर्डमध्ये येत नाही.

मी बंदरावर एका मच्छीमार सोसायटीचा हिशेब बघतो. डिझेलचा कोटा, परताव्याचे कागद, बर्फाची उधारी. आमच्या मीटिंगची तारीख कशी ठरते ते ऐका.

"शुक्रवारी दुपारची नको हां, नमाजानंतर ठेवा."

"मग मंगळवारी ठेवू."

"मंगळवारी अंगारकी आहे, आमच्यातला एकजण येयाचा नाय."

"अरे, भांगाच्या दिवसांत ठेवा ना. तशीपण जाळी कोरडीच येतात, सगळे गावतील."

भांग म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो ते दिवस. तारीख ठरते ती अशी समुद्राच्या हिशेबाने. मीटिंगमध्ये मग आरडाओरडा असतो तो पर्ससीनवरून, म्हणजे थवाच्या थवा घेरून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्यांवरून. राज्य सरकारच्या 5 फेब्रुवारी 2016च्या आदेशाने त्यांच्यावर बंधनं आली, एलईडी लावून मासेमारी करायला 2017मध्ये केंद्राने बंदी घातली, तरी रात्री किनाऱ्यावर उभे राहा, लांबवर उजेड दिसतो. छोट्या बोटीवाल्याचा बांगडा गेला की त्याचं टाळकं फिरतं, आणि ते फिरायलाच हवं. हे भांडण जाळ्याचं आहे, पोटाचं आहे. पण त्यातलीच वीस सेकंदांची क्लिप बाहेर पडली की ते 'त्यांच्या बोटी' आणि 'आपले मच्छीमार' असं होऊन फिरतं. खोलीत बसलेल्यांना मात्र ठाऊक असतं की 'त्यांची' म्हणून ज्या बोटीला शिव्या पडतायत तिच्यात पैसा कोणाकोणाचा आहे, जाळं कोणाच्या हमीवर उधार घेतलंय आणि तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, कुठल्या वाडीचा आहे. खलाशी तर नेपाळचे, नाहीतर कर्नाटकातले. त्यांना या मोजणीत कोणीच धरत नाही. उद्या काही घडलं तर पहिला दगड बहुधा त्यांच्याच खोलीवर पडेल.

म्हणून मला सोसायटीची ती कळकट खोली कुठल्याही 'सद्भावना रॅली'पेक्षा मोलाची वाटते. तिथे कोणी कोणावर प्रेम करत नाही. एकमेकांचे हिशेब माहीत असतात, एवढंच.

मात्र नुसता धंदा पुरतो असंही म्हणता येत नाही, आणि हे मला भिवंडीने शिकवलं. मागावर कारागीर एका धर्माचा, सुताचा व्यापारी दुसऱ्या, एकाचं दुसऱ्यावाचून चालत नव्हतं. तरी 1970 झालं आणि 1984 पुन्हा झालं. मग 1988मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्हीकडची साधी माणसं आणि हद्दीतला पोलीस, ठरलेल्या दिवशी, नळाच्या आणि गटाराच्या भांडणासाठीसुद्धा. डिसेंबर 1992मध्ये शेजारची मुंबई जळत होती आणि भिवंडी शांत राहिली. शांतता समित्या आपल्याकडेही आहेत म्हणा. सणाच्या आदल्या आठवड्यात पोलीस ठाण्यात चहा, तेच ते नेते, फोटो, बातमी. भिवंडीतली माणसं सण नसतानाही भेटत होती, फरक तिथेच आहे.

राजापूरचं तुम्हाला आठवत असेल. मार्च 2025चा शिमगा. होळीचा माड मिरवणुकीने नेताना मशिदीच्या पायऱ्यांना टेकवायची तिथली जुनी रीत. त्या वर्षी गेट बंद होतं, घोषणा झाल्या, तणाव झाला, गुन्हाही नोंदला गेला. पण देशभर व्हिडिओ फिरला तो 'मशिदीवर हल्ला' म्हणून, आणि पोलिसांना खुलासा करावा लागला की असा हल्ला झालेला नाही. दोन्ही बाजूंनी तावातावाने लिहिणाऱ्या किती जणांना राजापूर नकाशावर दाखवता आलं असतं? मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. माड पायरीला टेकवणं ही कधीतरी कोणीतरी बसून ठरवलेली गोष्ट असणार. किती वाजता, कोण पुढे, वाजप कुठे थांबवायचं. रीत म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या चालते, पण त्यामागची बैठक बंद पडली की उरतो तो फक्त एक ओंडका आणि एक बंद गेट.

आता कमेंटमध्ये येणारच, 'आधी त्यांना सुधारायला सांगा.' सांगा ना. कोकणातल्याच मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी, मुस्लिम समाजसुधारकाने, सांगितलं होतं, 1966मध्ये सात बायका घेऊन तलाकविरोधात मोर्चा काढला होता, 1970मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं होतं. त्यांच्याच लोकांनी त्यांना शिव्या घातल्या. ते हिंदुत्ववाद्यांनाही तितकंच सुनवायचे, हे मात्र त्यांचं नाव आज उठसूट घेणाऱ्यांना आठवत नाही. समाजाची चिकित्सा जरूर करावी, आपल्याही करावी. पण 'तुझा समाज सुधारला की तुझ्याकडून सुरमई घेईन' याला चिकित्सा म्हणत नाहीत. आणि मशिदीच्या कमिटीत बसून 'पोरांना त्यांच्यात मिसळू देऊ नका' म्हणणारे आमच्याकडे आहेत, तेही याच माळेचे मणी.

आमच्या पंचक्रोशीत हल्ली ओव्हरआर्म क्रिकेटच्या टुर्नामेंट होतात त्या समाजावार. ह्यांचा चषक, त्यांचा चषक, एकाचं मैदान शनिवारी, दुसऱ्याचं रविवारी. शाळाही आता उर्दू, मराठी आणि इंग्लिश अशा तीन दिशांना गेल्यात, त्यामुळे पोरांना एकत्र घाम गाळायला तेवढंच मैदान उरलंय. यंदा मी मंडळाला सुचवलं की टीम वाडीवार घ्या आणि प्रत्येक टीममध्ये बंदरावरची किमान चार पोरं हवीत असा नियम करा. बंदरावर कोण राहतं ते सगळ्यांना माहीत आहे. अध्यक्ष म्हणाले, "चांगलंय, पण स्पॉन्सर सुटतील." बर्फ फॅक्टरीवाल्याशी आणि जाळी विकणाऱ्या एकाशी बोललोय, पहिल्या बक्षिसाचं जमलंय. दुसऱ्या बक्षिसासाठी आणि लाउडस्पीकरसाठी कोणी असेल तर इनबॉक्समध्ये या. फक्त बॅनरवर कोणत्याही नेत्याचा फोटो लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.