भरतनाट्यम कुणी वाचवलं, आणि कुणापासून?

भरतनाट्यमवरचा एक लांबलचक संदेश सध्या गटागटांतून फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पाच हजार वर्षांत या नृत्यातली एक मुद्राही बदललेली नाही, देवळांतली शिल्पं हा त्याचा पुरावा. मधल्या काळात राजदरबारांनी ते करमणुकीला जुंपलं, देवदासींनी नासवलं, इंग्रजांनी बदनाम केलं. शेवटी चांगल्या घरांतल्या स्त्रियांनी ते ‘अपवित्र हातांतून’ सोडवून शुद्ध केलं. एरवी मी पुसून टाकला असता. पण माझ्या भाचीच्या अरंगेत्रमच्या, म्हणजे नृत्य शिकून झाल्यावरच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमाच्या, निवेदनात हा मजकूर जसाच्या तसा उतरला आहे. ज्या घराण्यांच्या रचना ती नाचणार, त्यांच्याबद्दलच ‘अपवित्र’ म्हटलं जाणार, तेही तिच्याच मंचावरून. हे मला चालणार नाही.

पाच हजार वर्षांचं आधी उरकते. बहुतेक अभ्यासक नाट्यशास्त्राचा काळ इ.स.पू. २०० ते इ.स. २०० च्या आसपास धरतात. त्याच्या चौथ्या अध्यायात १०८ करणं सांगितली आहेत आणि चिदंबरमच्या गोपुरांवर ती कोरलेली आहेत, हे मात्र खरं. तेवढं नातं मान्य. पण करण म्हणजे हातापायांची मिळून होणारी हालचाल, आणि शिल्पात तिचा एकच क्षण मावतो. आधी काय, नंतर काय, कुठल्या लयीत, हे दगड सांगत नाही. तंजावरच्या बृहदीश्वर देवळात तर ८१ करणं कोरून झाली आणि पुढचे दगड कोरेच राहिले. परंपरा कुठेही न तुटता चालत आली असती, तर नर्तकी पद्मा सुब्रह्मण्यम यांना ही करणं संशोधन करून नव्याने उभी करावी लागली नसती.

आता देवदासींनी नासवलं या आरोपाकडे येते. बाकी सगळं अज्ञान म्हणून सोडता येईल, हे नाही.

याच बृहदीश्वर देवळाच्या भिंतीवर राजराज चोळाचा सुमारे १०१४ सालचा लेख आहे. ‘साउथ इंडियन इन्स्क्रिप्शन्स’ या शिलालेखांच्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात तो ६६व्या क्रमांकावर छापलेला आहे, कुणालाही वाचता येतो. राजाने निरनिराळ्या देवळांतून ४०० स्त्रिया तंजावरला आणून वसवल्या, त्यांची यादी त्यात आहे. प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या देवळातून आली, कुठल्या आळीत तिचं घर, आणि वर्षाला १०० कलम (धान्याचं जुनं माप) भाताचा वाटा. नृत्य शिकवणारे, वाजवणारे, गाणारे हेही त्याच लेखात आहेत. त्यातली एक अट मला फार महत्त्वाची वाटते. वाटेकरी मेला किंवा गाव सोडून गेला, तर जवळच्या नातेवाइकाने तो वाटा घेऊन काम करावं. नातेवाईक त्या कामाला लायक नसेल, तर त्याने लायक माणूस निवडून द्यावा. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही तिथे नुसतं रक्ताचं नातं पुरत नव्हतं, काम यावं लागत होतं. या स्त्रियांना राजाने नावानिशी दगडावर कोरून ठेवलं. आपण त्यांना निवेदनाच्या एका वाक्यात अपवित्र ठरवून मोकळे होतो!

आणि ‘सोडवून आणलं’ म्हणजे नेमकं कुणाकडून? ‘चांगल्या घरांतल्या’ या स्त्रियांत पहिलं नाव घेतलं जातं ते रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचं. त्या पहिल्यांदा मंचावर आल्या १९३५ साली, त्यांची कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था निघाली १९३६ साली. त्या शिकल्या पंदनल्लूरच्या मीनाक्षी सुंदरम पिळ्ळै यांच्याकडे आणि अभिनय शिकल्या मैलापूर गौरी अम्माळ यांच्याकडे. पिळ्ळै परंपरेने चालत आलेले नट्टुवनार, म्हणजे नृत्यगुरू. गौरी अम्माळ कपालीश्वर देवळाच्या देवदासी. ज्यांनी शिकवलं त्यांच्याच तावडीतून विद्या सोडवली म्हणायचं, हा कृतघ्नपणा आहे. त्याच गौरी अम्माळकडे विख्यात नर्तकी बालसरस्वतीही शिकल्या. त्या स्वतः या परंपरेत जन्मलेल्या, आणि शृंगार हाच या नृत्याचा गाभा आहे, त्याला कुणाच्या शुद्धीकरणाची गरज नाही, हे त्यांनी जाहीरपणे मांडलं.

शोषण नव्हतं असं मी म्हणत नाही. होतं. समाजसुधारक मुथुलक्ष्मी रेड्डी यांची आई देवदासी समाजातलीच होती, आणि त्यांनी ही प्रथा बंद व्हावी म्हणून आयुष्य वेचलं ते उगाच नाही. त्या काळात प्रतिष्ठित घरांतल्या मुलींना हे नृत्य शिकता यावं, अशी वाट रुक्मिणीदेवींनी केली, हेही मान्य करायला हवं. पण शोषण त्या स्त्रियांचं होत होतं, त्या ते करत नव्हत्या. १९४७च्या मद्रास कायद्याने मुली देवाला वाहणं थांबवलं आणि देवळात, मिरवणुकीत नाचणंही बेकायदा ठरवलं. त्यामुळे ज्यांचं पोट नाचण्यावर होतं त्यांचा मंच गेला, आणि तेच नृत्य ‘भरतनाट्यम’ या नव्या नावाने सभागृहांत इतरांना टाळ्या मिळवून देऊ लागलं. त्यांच्या जावळ्या आणि पदं ही शृंगारिक गीतं, जागेवर सुचणारा अभिनय, यातलं बरंच त्यांच्याबरोबरच संपलं.

इंग्रजांचा मुद्दा अर्धा खरा आहे. मिशनऱ्यांनी नाचाविरुद्ध मोहीम चालवली. पण तिच्यात आपले सुधारकही हिरिरीने होते, आणि वरचा कायदा ऑक्टोबर १९४७चा आहे, स्वातंत्र्यानंतरचा.

राहिला दरबार. हे तरी मराठी माणसाने पुढे पाठवायला नको होतं. अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना हा जो मार्गम, म्हणजे कार्यक्रमाचा ठरलेला क्रम, आज प्रत्येक अरंगेत्रममध्ये दिसतो, त्याला घाट दिला चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी, आणि ते तंजावरच्या सरफोजी भोसल्यांच्या (१७९८–१८३२) दरबारी होते. सरफोजींनी स्वतः नृत्यासाठी रचना केल्या, त्या मराठीत. ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने त्या छापल्या आहेत. संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी आधी त्या उघडून पाहाव्यात.